थांबायला शिकले ते सुरतेत

नवापूरच्या स्टेशनावर आमचे हे मला पोचवायला आले होते. पॅसेंजर हलली तेव्हा खिडकीशी चार पावलं चालत त्यांनी निरोप दिला, "मोटरसायकल जमली तर आण. नाही जमली तर नोकरी सोड. मला दोन्ही चालेल." इतका समतोल नवरा पदरात पडल्यावर बाईला एकटीनं प्रवास करावाच लागतो.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची, थंडीच्या दिवसांतली. मी तेव्हा अडतीस वर्षांची, शास्त्र-गणिताची बाई, आणि स्वतःच्या मते तालुक्यातली सर्वांत अक्कलवान स्त्री. आता मला नातवंडं आहेत, गुडघे वाजतात, आणि त्या अडतीस वर्षांच्या बाईची आठवण निघाली की मला एकटीलाच हसू फुटतं. या प्रवासवर्णनात मी तिची बाजू घेणार नाही. तिची बाजू तिनं तेव्हा पुरेशी घेतली होती.

भानगड अशी होती. माझी बदली चौदा किलोमीटर आतल्या एका गावी झाली होती. शाळा साडेदहाची आणि एसटी पोचायची साडेअकराला. रोज मी धापा टाकत व्हरांड्यात पाऊल ठेवायची तेव्हा मुख्याध्यापक लाल पेन घेऊन खुर्चीत बसलेले असायचे. तीन मेमो हातात पडले होते. चौथा सरळ जिल्ह्याला जाणार आणि मग मी घरी बसणार, असं त्यांनी मला अत्यंत सभ्य शब्दांत कळवलं होतं. उपाय एकच, स्वतःचं वाहन. आणि ते होतं सुरतेला, माझ्या धाकट्या भावाकडे, म्हणून मी रजा टाकून निघाले होते.

भगवान डिंडोलीत राहायचा आणि बमरोलीच्या एका कारखान्यात लूमचा मास्तर होता. मास्तर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. दिवाळीनंतर मागावरचा धोटा (आडवा धागा ओढत इकडून तिकडे पळणारं लाकडी शटल) उडून त्याच्या डाव्या मनगटावर बसला आणि हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी क्लच दाबण्याइतकी पकड येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याची शंभर सीसीची मोटरसायकल त्यामुळे घरासमोर उभी होती. "तुला पाहिजे तर बघ," असं त्यानं पोस्टकार्डावर लिहिलं होतं. "बघ" म्हणजे "ने", असा अर्थ मी माझ्या अकलेनं लावला.

गाडी मला चालवता येत होती बरं का. भगवान सुट्टीत गावी यायचा तेव्हा मीच ती शेताच्या रस्त्यानं पळवायची. परवानाही काढला होता. थांबवण्याचा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण शेताचा रस्ता आपोआप चढाला लागायचा.

मढीला गाडी थांबली तेव्हा खमणी (वाटलेल्या डाळीचा मोकळा, लसणीचा प्रकार, वर बारीक शेव) घेतली. समोरच्या बाकावर सुरतेला परत निघालेला एक अमळनेरचा कारागीर होता. मोटरसायकल आणायला चाललेय, असं मी त्याला अर्थातच न विचारता सांगितलं.

तो गंभीर झाला. "बाई, गाडी हातात आली की पहिलं काम करा. पुढचा ब्रेक ढिला करून घ्या."

"ते काय मला सांगता?" मी म्हटलं. "मी शास्त्राची बाई आहे. पुढचं चाक थांबलं की मागचं शरीर जडत्वानं पुढे जाणार आणि माणूस हँडलवरून उडणार. सातवीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवते."

"माझा एक ओळखीचा असाच उडाला," तो म्हणाला.

हे मला नंतर डिंडोलीतही दारोदार ऐकायला मिळालं. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी हँडलवरून उडालेला असतो. उडालेला माणूस मात्र स्वतः कधी भेटत नाही.

बारडोलीच्या आसपास दोन्ही बाजूंनी ऊस लागला. उसाच्या गाड्या फाटकाशी खोळंबलेल्या, बैल आपले उभ्या उभ्या रवंथ करताहेत. त्या बैलांना थांबण्याची कला माझ्यापेक्षा चांगली येत होती, पण हे आज सुचतंय. तेव्हा मी खिडकीत बसून मनातल्या मनात शाळेच्या आवारात ऐटीत शिरत होते, आणि मुख्याध्यापक तोंडाचा आ करून बघत होते.

उधन्याला उतरले. प्लेगची साथ येऊन गेल्यापासून सुरत झाडूनपुसून लख्ख झाली होती. रस्त्यावर केळीचं साल टाकायचं म्हटलं तरी माणूस आधी इकडेतिकडे बघायचा. रिक्षावाला मात्र साथीआधीच्याच स्वभावाचा होता. एका म्हशीसाठी त्यानं जो ब्रेक मारला, त्यासरशी मी, माझी पिशवी आणि भावासाठी नेलेले कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचे डबे, सगळे त्याच्या पाठीवर जाऊन आदळलो. सगळं वजन पुढे आलं होतं, मागची सीट रिकामी. जगातली कोणतीही विचारी स्त्री यातून काहीतरी शिकली असती. मी फक्त पीठ सांडलं का ते पाहिलं.

डिंडोलीच्या गल्लीत शिरलं की सुरत संपते आणि खानदेश सुरू होतो. अहिराणी कानावर पडते, दारात पापड वाळताहेत, आणि पोरं एकमेकांशी गुजरातीत भांडताहेत. भगवान प्लास्टर गळ्यात अडकवून दारातच उभा होता. त्याची बायको मंगल माझ्या पाया पडली आणि पिठाचे डबे बघून माझ्याहून जास्त त्यांना भेटली.

गाडी जुन्या साडीखाली झाकलेली होती. आणि साडीवर हात फिरवत एक गृहस्थ उभे होते.

"हे सखाराम मुकादम," भगवान म्हणाला. "बीडचे. बांधकामावर असतात. तू नाही नेली तर रविवारी हे नेणार."

"मी नाही नेली तर म्हणजे?"

"आक्का, तुले गाडी चालाडता येस, माले माहीत शे. थांबाडता येस का?" (तुला गाडी चालवता येते, मला माहीत आहे. थांबवता येते का?)

यापुढचं त्याचं बहुतेक बोलणं मी साध्या मराठीतच लिहिते. आमच्या कारखान्यात, तो म्हणाला, नव्या कारागिराला आम्ही माग चालू करायला शिकवत नाही, आधी थांबवायला शिकवतो. आडवा धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबला पाहिजे. चार फेरे रिकामे गेले तर कापडात पट्टा पडतो, झटका बसून थांबला तर माग मोडतो. दोन्ही जमल्याशिवाय कोणाच्याही हातात माग नाही. गाडीचंही तेच. रविवारी सकाळी गल्लीत खडूची रेघ मारायची. चाळीसच्या वेगानं यायचं, रेघेपाशी थांबायचं, आणि रस्त्यावर टायरचा काळा पट्टा पडता कामा नये. पडला, तर गाडी मुकादमांची.

"मी तुझी मोठी बहीण आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच," तो म्हणाला.

सखाराम मुकादम माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते. "वाईट वाटून घेऊ नका बाई. मह्या मेव्हण्यानं पुढचा बिरेक दाबला अन् थेट नाल्यात. बायामाणसाचं काम न्हाई हे."

"तुमचा मेव्हणा बाईमाणूस आहे का?" मंगलनं आतून विचारलं. मुकादम चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी भगवान डॉक्टरांकडे गेला तशी मी संधी साधली. गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली आणि मेकॅनिकला हुकूम सोडला, "पुढच्या ब्रेकची वायर पूर्ण ढिली करा. चुकून हात पडला तरी लागता कामा नये." तो म्हणाला, "समजूतदार आहात बेन, सगळे असंच करून घेतात." त्या गल्लीतल्या निम्म्या गाड्यांना पुढचा ब्रेक फक्त शोभेला होता, नवरदेवाच्या कमरेच्या तलवारीसारखा. मी घरी आले ती आपण मोठा धोका टाळल्याच्या आनंदात. मंगलचा सलवार-कमीज अंगावर चढवला, जो मला सर्व बाजूंनी आखूड होता, आणि सायंकाळी सरावाला निघाले.

गल्ली बघायला जमली. खडूची रेघ मारली गेली. मी दुरून आले, केस उडताहेत, चेहऱ्यावर तेज. रेघ जवळ आली तसा उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबला, होता नव्हता तेवढा जीव लावून.

मागचं चाक एकदम अडकलं. गाडी थांबली नाही, नुसती ओरडली. तिचा पार्श्वभाग डावीकडे निघाला आणि मी समोर बघत असूनही शेजारणीच्या दाराकडे प्रवास करू लागले. रेघ कधी गेली ते कळलं नाही. बाजेवर वाळत घातलेल्या नाचणीच्या पापडांत पुढचं चाक घालून एकदाची मी थांबले. मागे रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता, लांबलचक आणि वळणदार.

पापडवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरी, पापड नागलीचे होते. आता रबराचे झाले."

भगवान गाडीजवळ आला. उजव्या हातानं त्यानं पुढच्या ब्रेकचा दांडा दाबला. दांडा मुकाट जाऊन मुठीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा टेकला.

"कोनी करं हाई?" (कोणी केलं हे?)

"मी. सुरक्षिततेसाठी."

तो खाली बसला. रस्त्यावरच, प्लास्टर मांडीवर घेऊन. "आक्का, रिक्षात ब्रेक लागला की तू कुठे जातेस?"

"पुढे."

"मग वजन कोणत्या चाकावर येतं?"

"पुढच्या."

"मग जमिनीला घट्ट कोणतं चाक धरणार? वजनाचं का बिनवजनाचं? मागचं तर उचललं जातं, म्हणून तर ते लगेच अडकतं आणि घसरतं. गाडी थांबवतो तो पुढचा ब्रेक. मागचा नुसता सोबतीला. पुढच्यानं माणूस उडतो तो झटक्यानं दाबला तर. आणि झटक्यानं का दाबतो? कधी दाबलेलाच नसतो म्हणून." मग तो वर बघून म्हणाला, "तू हे पोरांना काय शिकवतेस?"

आठ वर्षं सातवी. किती पोरांना अर्धाच धडा शिकवला याची बेरीज मनात सुरू झाली, ती मी अर्ध्यात सोडून दिली. त्यातली मोठी झालेली पोरं बाजाराच्या दिवशी गाड्या उडवत मला "नमस्ते बाई" म्हणायची.

पुढचा दिवस बमरोलीचा. भगवान रजेवर होता, तरी शेठला सांगून मला कारखान्यात घेऊन गेला. आत पाऊल टाकलं आणि आवाज छातीत शिरला. शंभर माणसं एकाच वेळी शंभर पाट्यांवर वरवंटा आपटताहेत, असं वाटलं. तिथे कोणी कानानं ऐकतच नाही. कारागीर भुवयांनी बोलतात, मास्तर हातानं ऐकतो.

त्यानं माझा हात एका मागाच्या चौकटीवर ठेवला आणि चालत्या मागातला आडवा धागा तोडला. धाग्याला चाचपणारा एक काटा असतो. धागा सापडला नाही की तो खटका सोडतो आणि चामड्याचं अस्तर लावलेला ब्रेक चाकाला येऊन बिलगतो. माग थांबला, पण हाताला असा हिसका बसला की दंडापर्यंत मुंग्या आल्या. दुसऱ्या मागाशी नेलं. तिथे ब्रेक लागल्यावरही माग दोन-तीन फेरे आळसटल्यासारखा फिरत राहिला. अस्तर तेलकट झालं होतं. तिसऱ्या मागाला हात लावला तेव्हा आधी नुसता स्पर्श जाणवला, मग पकड, मग पकड वाढली, आणि माग थांबला. जणू कोणी खांद्यावर हात ठेवून "बस आता" म्हटलं.

भगवाननं माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "बिरेक हातले समजस! डोळाले नही!" (ब्रेक हाताला समजतो, डोळ्याला नाही.)

घरी येऊन आम्ही पुढचं चाक काढलं. त्याचा एक हात आणि माझे दोन. गाडी दोन महिने उभी राहून ड्रमला आतून गंज धरला होता आणि ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) आरशासारखे गुळगुळीत झाले होते. मी ते ओल्या फडक्यानं पुसले, पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केले. वायर ताणून बसवली. दांडा थोडा मोकळा चालून मग अडला पाहिजे, आणि अडला की बोटांना कळलं पाहिजे. शास्त्राच्या बाईंना घर्षणाचा धडा पाठ होता. नखांत काळं गेलं तेव्हा तो समजला.

तरीही माझा हात काही सुधारेना. दाबायची म्हटलं की मी मूठच आवळायची. गाडी खाली मान घालायची, माझं हनुवटीचं हाड छातीला लागायचं. तीन दिवस असेच गेले. मुकादम रोज संध्याकाळी साडीचं टोक उचलून गाडीची ख्यालीखुशाली विचारून जायचे.

शेवटी मंगलला राहवलं नाही. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. "आक्का, तुम्ही माहेरी म्हशीची धार काढायच्या ना?"

"काढायची. त्याचं काय?"

"आचळाला हिसका दिला तर म्हैस काय करते?"

"लाथ मारते."

"मग गाडीनं काय आरती ओवाळावी?"

मी दांड्यावर बोटं ठेवली. आधी नुसती टेकवली. मग वरचं बोट, मग त्याच्या शेजारचं, मग सगळी, दूध उतरू लागलं की हात आपोआप आवळतो तसा. गाडीनं नाक थोडं खाली घातलं, टायर जमिनीत रुतल्यासारखं वाटलं आणि आम्ही दोघी एका ठिकाणी उभ्या राहिलो. दहा वर्षं म्हशी दोहलेली बाई डी.एड. करून आली आणि हात विसरली होती. तो तिला तिच्या भावजयीनं, सुपातून नजरही न उचलता, परत दिला.

आता मी अजिंक्य झाले. शनिवारी भगवानला मागे बसवून डुमसला घेऊन गेले. वाटेत पोंक (कोवळ्या ज्वारीचा हिरवा हुरडा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर) खाल्ला, प्रत्येक चौकात गरज नसताना पुढचा ब्रेक लावून दाखवला. "पुरे आता," भगवान मागून म्हणायचा. "लोकांना वाटेल आपण प्रत्येकाला पत्ता विचारतोय."

डुमसचा समुद्र काळ्या वाळूचा. वाऱ्यानं ती वाळू वळणावर रस्त्यावर येऊन पसरते. टामेट्याच्या भज्यांचं दुकान दिसलं, मी ऐटीत वळले आणि वळता वळता, आता माझा लाडका झालेला, पुढचा ब्रेक लावला. चाकाखाली रस्ता नव्हताच. हँडल हातातून निसटल्यासारखं हलकं झालं आणि आम्ही भावंडं शांतपणे, अगदी सावकाश, भज्यांच्या कढईसमोर आडवी झालो. प्लास्टर वर धरून भगवान सुरक्षित होता. माझी सलवार गुडघ्यावर फाटली.

बाकावर एक ढेरपोटे काठेवाडी गृहस्थ भजी खात होते. हिऱ्यांच्या कामासाठी ते बेल्जियमला जाऊन आले होते आणि ती गोष्ट शर्टाच्या खिशात ठेवल्यासारखी तयार होती. त्यांनी आम्हाला उठवलं, भज्यांची ताटली पुढे केली आणि म्हणाले, "बेन, इधर की गाड़ी में ऐसा ही होगा. उधर मैंने एक बाइक देखी. पैया जाम होने लगे ना, तो ब्रेक अपने आप छोड़ देता है. फिर पकड़ता है, फिर छोड़ता है. तुम जोर से दबा के बैठो, गिरेगी नहीं."

"अशक्य," मी गुडघा झटकत म्हटलं. "यंत्राला काय कळतं चाक अडकलं ते? आणि अशी गाडी निघाली तर माणसं थांबायचंच विसरतील."

भगवान मात्र भजं हातात धरून थिजला. "उसको मालूम कैसे पड़ता है?"

"पैये पे दाँतेवाली चकरी होती है. एक आँख जैसा उसके दाँते गिनता रहता है."

"काटा!" भगवान मला म्हणाला. "आमचा काटा धागा चाचपतो, तसा त्यांचा काटा चाक चाचपतो. फरक एवढाच की आमचा थांबवतो आणि त्यांचा सोडतो."

आज माझ्या नातवाच्या मोटरसायकलीला ती सोय आहे. गाडी चालू केली की एक पिवळा दिवा लागतो आणि निघालं की विझतो. जोरात ब्रेक मारला तर दांडा बोटांखाली फुरफुरतो, मांजर मांडीवर घेतल्यासारखा. "आजी, तुझ्या वेळी हे नव्हतं ना?" तो विचारतो. अशक्य आहे असं तालुक्याच्या सर्वांत अक्कलवान बाईनं भजी खाताना जाहीर केलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

परतताना भगवाननं एका मोकळ्या, वाळूच्या रस्त्यावर मला थांबायला लावलं आणि स्वतः उतरला. "यंत्र नाही तर तू कर. चाक अडकलं की दांडा पोकळ लागतो, हँडल हलकं होतं. तेवढं कळलं की सोड. चाक फिरू दे, परत धर. घाबरून धरून ठेवू नको." हळू वेगानं मी वीस-पंचवीसदा ते केलं. धर, सोड, धर. दोनदा पडले. मोटरसायकल कशी उचलायची हे त्यामुळे आपोआप शिकून झालं.

रविवार उजाडला. मुकादम आंघोळ करून, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन आले होते. त्यांच्या तयारीत द्वेष नव्हता, नुसती खात्री होती. पापडवाल्या मावशींनी बाज घरात घेतली. मी गल्लीच्या टोकाला जाऊन गाडी वळवली आणि तेव्हा दिसलं. रेघेच्या अलीकडे रस्ता ओला होता. सकाळी पाण्याचा टँकर येऊन गेला होता, आणि धुळीचा पातळ चिखल झाला होता.

भगवाननंही ते पाहिलं. पुसून घेऊ का, असं त्यानं हातानं विचारलं. अडतीस वर्षांच्या त्या बाईत एक चांगली गोष्ट होती, ती म्हणजे तिला सवलत घ्यायची लाज वाटायची. मी मानेनंच नको म्हटलं.

तिसरा गिअर. चौथा. काटा चाळीसवर. बोटं दांड्यावर टेकवली, एक, दोन, सगळी. पाय हलकेच मागच्या ब्रेकवर. गाडीनं नाक खाली घातलं, पकड आली, वेग गळू लागला. आणि मग तो चिखल. दांडा एकदम पोकळ झाला, हँडल निसटलं. सगळं अंग ओरडत होतं, धरून ठेव, धरून ठेव. मी बोटं सोडली. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही, बाळंतपणं धरून. चाक फिरलं. परत धरलं, परत निसटलं, परत सोडलं. मग कोरडा रस्ता आला, मी शेवटचं धरलं आणि गाडी उभी राहिली.

रेघ माझ्या मागे होती. चांगली दोन हात मागे.

मुकादमांनी हार सरळ केला. "रेघ तर वलांडली बाई," ते म्हणाले, पण हळू.

भगवान माझ्याकडे आलाच नाही. तो ओल्या जागेकडे गेला आणि उकिडवा बसून रस्ता बघू लागला, कापडाचा तागा तपासतात तसा, नाक टेकवून. चिखलात टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती, मध्ये दोन ठिकाणी जरा फरफटलेली आणि पुन्हा नक्षी. कोरड्या रस्त्यावर काहीच नव्हतं.

"मुकादम, आठे (इकडे) या," त्यानं बोलावलं. "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मुकादम त्याच्याशेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, "मी? म्या धरून ठिवला असता." आणि उठून त्यांनी तो हार गाडीच्या हँडलला घातला. "न्या बाई. पण मला शिकवून जा हे सोडायचं."

म्हणून मी एक दिवस जास्त राहिले. गल्लीतल्या अकरा गाड्यांच्या पुढच्या वायरी त्या दिवशी ताणल्या गेल्या. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं त्या ज्या हातांनी ढिल्या केल्या होत्या, त्याच हातांनी, तितक्याच समजूतदार चेहऱ्यानं.

मंगळवारी पहाटे निघाले. बारडोली, व्यारा, सोनगड. उसाचे ट्रक अंगावर येत होते, त्यांच्यामागून चिपाडं उडत होती. सोनगडला चहा प्यायले. नवापूरला घरासमोर गाडी उभी केली. आमचे हे वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "आणलीस होय," आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. त्यांना दोन्ही चालणार होतं.

बुधवारी मी साडेदहाला पाच कमी असताना शाळेच्या आवारात ऐटीत शिरले. तोंडाचा आ करायला तिथे कोणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. व्हरांड्यात पोरं-पोरी दप्तरं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"किल्ली?" मी विचारलं.

"सरांकडे," एक मुलगी म्हणाली.

"मग सर कुठे?"

"येतील. रोज तुमच्या बसच्या जरा आधी येतात."

"आणि तोवर तुम्ही?"

"बसतो."

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. मग बसून राहण्यापेक्षा म्हणून एकेकाला गाडीजवळ बोलावलं, दांड्यावर बोटं ठेवायला लावली, चाक पुढे ढकलत कुठे पकड येते ते विचारलं. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं.

सव्वा अकराला स्कूटर आली. मला बघून मुख्याध्यापकांनी मागचा ब्रेक इतका करकचून मारला की धुळीत हातभर घसरले.

"बाई, आज लवकर?"

"नाही सर. वेळेवर."

त्यांनी कुलूप उघडलं, मस्टर काढलं. मी सही करून वेळ लिहिली, दहा पंचवीस, आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि आपल्या रकान्यावर धरून ठेवलं. दारात पोरं उभी राहून बघत होती. मग त्यांनी लिहिलं, सव्वा अकरा.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा शाळा उघडी होती.